डॉ. हाफकिन

मुलांनो, तुमच्या डाव्या दंडाकडे जरा पाहा. तिथे एक छोटासा व्रण दिसतो ना? लहानपणी तुम्हांला क्षयाची लस टोचली, तिची ती खूण आहे. आज गोवर, धनुर्वात, कांजिण्या अशा कितीतरी रोगांवर लस मिळते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी लोक लस टोचून घ्यायला घाबरत. त्या काळात मुंबईत एका माणसाने नवी लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांचे नाव वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा या शहरात झाला. तेव्हा हे शहर रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. हाफकिन हुशार होते, पण ते यहुदी होते. धर्म बदलला असता, तर त्यांना विद्यापीठात मोठी जागा मिळाली असती. त्यांनी ते मान्य केले नाही. पुढे ते पॅरिसला गेले. तिथे लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना ग्रंथालयात नोकरी मिळाली. काम संपले, की ते प्रयोगशाळेत बसत. १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि ती प्रथम स्वतःला टोचली. १८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्यात आणि इतर ठिकाणी त्यांनी हजारो लोकांना ही लस टोचली.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. घराघरांत उंदीर मरून पडू लागले. मग माणसे मरू लागली. लोक घाबरून शहर सोडू लागले. शेगावच्या स्टेशनातून जाणारा मुंबई-नागपूर लोहमार्ग तेव्हाही होता. अशा गाड्यांतून प्रवाशांबरोबर रोगही दूरदूर जाई.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहानशी जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. हाफकिन रात्रंदिवस काम करू लागले. मांसाच्या पातळ रसात ते तुपाचे थेंब टाकत आणि त्यात प्लेगचे जंतू वाढवत. मग तो रस तापवून जंतू मारत. अशा मेलेल्या जंतूंमुळे रोग होत नाही, पण रोगाशी लढायला शरीर तयार होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, अंग दुखले. काही दिवसांत ते बरे झाले.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील अनेक कैदी स्वतःहून लस घ्यायला तयार झाले. लस घेतलेल्यांत रोग फार कमी झाला. तरी शहरातील लोकांची भीती जाईना. तेव्हा खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान पुढे आले. त्यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली. ते पाहून त्यांच्या समाजातील हजारो लोकांनीही लस घेतली. आगाखान यांनी हाफकिन यांना कामासाठी आपली एक इमारतही दिली. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली.

पण १९०२ मध्ये एक दुःखद घटना घडली. पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. लसीची एकच बाटली दूषित झाली होती. सारा दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना काम सोडावे लागले. ते खचले नाहीत. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, ही गोष्ट पुढे आली. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली. अखेर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. न्याय मिळाला, पण पाच वर्षे निघून गेली होती. ते पुन्हा भारतात आले आणि कलकत्त्यात काम करू लागले.

१९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांनो, लसीबद्दल एखादी अफवा कानावर आली, तर लगेच विश्वास ठेवू नका. आधी नीट चौकशी करा. चौकशी न करता दोष दिला, तर एका भल्या माणसाला काय सोसावे लागते, हे तुम्ही वाचले आहे. कधी मुंबईला गेलात, तर परळची हाफकिन संस्था जरूर पाहा.