रमाबाई रानडे : आठवणींच्या पलीकडील तेवीस वर्षे

मराठी आत्मचरित्राचा विचार करू लागले की १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. रमाबाई रानडे यांचे नाव साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे ते प्रामुख्याने या ग्रंथामुळे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पुढे त्याची इंग्रजी भाषांतरे झाली आणि त्यांपैकी १९६३ चे भाषांतर कुसुमावती देशपांडे यांच्यासारख्या साक्षेपी समीक्षिकेने केले. परंतु हा ग्रंथ १६ जानेवारी १९०१ रोजी, म्हणजे न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनापाशी येऊन थांबतो. लेखिका त्यानंतर तेवीस वर्षे जगली, आणि तिच्या स्वतंत्र कर्तृत्वाचा बहुतेक भाग याच तेवीस वर्षांत घडला. त्याविषयी तिने ग्रंथरूपाने काही लिहिले नाही. शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्द त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे: दोघांचे आयुष्य संपले तेथे आठवणीही संपल्या. परिणाम असा झाला की रमाबाईंची प्रतिमा पतीच्या छायेत शिकलेल्या पत्नीची अशीच रूढ झाली, आणि शिवणयंत्रासमोर बसलेल्या निराधार स्त्रीला मिळकतीचा मार्ग दाखविणाऱ्या रमाबाई संस्थेच्या अहवालांत राहिल्या.

त्यांचा जन्म १८६२ मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घरात प्रथा नव्हती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. प्रथम पत्नी नुकतीच वारली होती आणि विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने विधवेशीच विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले. सुधारकांनी त्यांना यासाठी फार काळ क्षमा केली नाही. त्या निर्णयाची एक प्रकारची भरपाई म्हणून रानड्यांनी पत्नीच्या शिक्षणाकडे लक्ष दिले, असे अनेकांनी मांडले आहे. मात्र भरपाई एकाने करावयाची आणि तिचा जाच दुसरीने सोसावयाचा, असे त्या घरात झाले. वाचणाऱ्या सुनेला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी बोलून आणि न बोलून छळले. इंग्रजी शिकविणाऱ्या बाईंचा स्पर्श झाला म्हणून स्नान करावयाचे, शिकलेले चारचौघींत दिसू द्यावयाचे नाही, आणि स्वयंपाकघरात तर पुस्तकाचे नावही काढावयाचे नाही. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या उपस्थितीत मुलींच्या शाळेसाठी त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले, तेव्हा घरी आल्यावर त्यांचे स्वागत कसे झाले हे ग्रंथाच्या वाचकांना ठाऊक आहेच.

हा तपशील येथे सांगण्याचे कारण असे की, एकाच घरातल्या स्त्रियांचा विरोध कसा असतो आणि तो कशाने वितळतो याचे शिक्षण रमाबाईंना पुस्तकांपेक्षा या माजघराने अधिक दिले. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना झाली, आणि रानड्यांच्या घरातील सूनबाई त्या सभांना जाऊ लागल्या. दोन्ही रमाबाईंचे मार्ग पुढे निराळे झाले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आणलेले शारदासदन धर्मांतराच्या वादात सापडले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी त्याच्या सल्लागार मंडळाशी असलेला संबंध तोडला. विधवांना विद्या आणि हातचे काम देणारी, पण जिच्यावर धर्म बुडविल्याचा आरोप सहजासहजी करता येणार नाही अशी संस्था हवी, ही गरज तेव्हापासून पुण्याच्या सुधारकांच्या मनात होती. धोंडो केशव कर्वे यांच्या १८९६ च्या अनाथ बालिकाश्रमाने ती एका अंगाने भागविली.

रानडे १८९३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात गेल्यावर रमाबाईंनी तेथे हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब या मंडळातून स्त्रियांसाठी वर्ग चालविले. भाषा आणि सामान्य ज्ञानाबरोबर शिवण आणि हस्तकाम हे विषय त्यांत होते. नावात साहित्य आणि वर्गात सुई, हा मेळ आज विसंगत वाटेल. त्या काळी तो व्यवहाराला धरून होता. पुस्तक शिकावयास मुलीला घरातून सोडतील की नाही याची शंका असे. शिवणकाम शिकावयास मात्र सोडत, कारण त्यात कोणालाच भय दिसत नसे.

वैधव्यानंतरचे पहिले वर्ष त्यांनी पुण्याच्या वाड्यात जवळजवळ एकांतात घालविले. त्यातून त्या बाहेर आल्या त्या कार्यकर्त्या म्हणून. १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना त्या नियमाने भेटू लागल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईस सेवासदन काढले तेव्हा अध्यक्षपदासाठी ते रमाबाईंकडेच आले. पुढील वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, रानड्यांच्या वाड्यात पुणे सेवासदनाचे काम सुरू झाले. ज्या घरात वाचणाऱ्या सुनेला बोल लागत होते, त्याच घरात आता परक्या घरच्या विधवा पाटी घेऊन बसू लागल्या.

सेवासदनाच्या उद्योगशिक्षणाचा नीट विचार अद्याप झालेला नाही. तत्कालीन उच्चवर्णीय घरातील विधवेला कष्टाची सवय होती, किंबहुना सर्वाधिक कष्ट तिच्याच वाट्याला येत. पण त्या कष्टाला दाम नव्हता. दळण, स्वयंपाक, सोवळ्याची कामे यांच्या मोबदल्यात दोन वेळचे अन्न आणि उपकाराची भाषा मिळे. सुईदोरा तिच्या हातात पूर्वीही होता. गोधडीला टाके घालणे, फाटलेले सांधणे हे घरकामच होते. कापड बेतणे, माप घेणे आणि शिवून देऊन पैसे घेणे हे मात्र शिंप्याचे काम, पुरुषाचे आणि दुसऱ्या जातीचे. शिवणवर्गाने ही रेषा ओलांडली. परकर-पोलके, सदरे, कोट यांची मागणी शहरात वाढत होती आणि शिवणयंत्र मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागले होते. अशा वेळी बेतणे शिकलेल्या स्त्रीला घराचा उंबरठा न ओलांडताही मिळकत करता येणे शक्य झाले. ही सोय होती, तशीच ती मर्यादाही होती. उंबरठ्याआड होणारे काम समाजाला मान्य झाले, कारण त्याने उंबरठा हलला नाही.

रमाबाईंना ही मर्यादा जाणवली असली पाहिजे, असे सेवासदनाच्या पुढील वाटचालीवरून वाटते. शिवण आणि हस्तव्यवसायाच्या वर्गांबरोबर तेथे अध्यापिका विद्यालय उभे राहिले, आणि परिचारिकेच्या शिक्षणासाठी मुली ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. येथे उंबरठा खरोखरच ओलांडला गेला. परक्या पुरुषांची, कोणत्याही जातीच्या रोग्यांची शुश्रूषा विधवेने करावयाची, ही कल्पना पुण्याला पचण्यासारखी नव्हती. एका वार्षिक समारंभात परंपरागत विधवावेषातील एक विद्यार्थिनी पारितोषिक घेण्यास व्यासपीठावर आली असता प्रेक्षकांतील तरुणांनी तिची टर उडविली, आणि एरवी सौम्य बोलणाऱ्या रमाबाईंनी आपल्या भाषणात त्यांना कठोर शब्दांत फटकारले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. ते सुशिक्षित तरुण होते, हे त्यातले अधिक बोचणारे.

संस्थेच्या व्यवस्थेत भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे सहकारी होते. सहकारी चळवळीचा त्यांचा अनुभव मोठा होता आणि हिशेब, वर्गणी, अहवाल यांची शिस्त सेवासदनाला बरीचशी त्यांच्यामुळे लाभली. १९१५ मध्ये पुण्याच्या संस्थेची स्वतंत्र नोंदणी झाली. तथापि शिकू इच्छिणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन सासूशी, दिराशी, बापाशी बोलणे देवधरांना शक्य नव्हते. ते रमाबाईच करू शकत. न्यायमूर्तींच्या पत्नीचे वजन, जुन्या वळणाची राहणी आणि देवधर्माविषयीची उघड श्रद्धा यांमुळे त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसे. पंडिता रमाबाईंच्या प्रखर बंडाशी तुलना करता हा मार्ग मवाळ होता यात संशय नाही, आणि त्याचा लाभ दीर्घकाळ प्रामुख्याने वरच्या जातींतील स्त्रियांनाच झाला, ही टीकाही न्याय्य आहे. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळपीडित मुलींना विणकामापासून छपाईपर्यंतचे उद्योग शिकविले जात होते. त्या कार्याचा सामाजिक पल्ला अधिक मोठा होता. परंतु ज्या घरांची दारे केडगावला कायमची बंद होती, ती रमाबाई रानड्यांना उघडली.

अखेरच्या वर्षांत त्या सभा-मोर्चांतही उतरल्या. पुण्याच्या नगरपालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलग्यांपुरते ठेवण्याचा घाट घातला तेव्हा, आणि मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न आला तेव्हाही, त्या आघाडीवर होत्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी सेवासदनाच्या निरनिराळ्या शाखांत शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या हजारावर गेली होती.

१९६२ मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. २०१२ मध्ये त्यांच्या जीवनावरील ‘उंच माझा झोका’ ही दूरदर्शन मालिका घरोघरी पाहिली गेली. तिचाही भर स्वाभाविकपणे ग्रंथातील संसारावर होता. शिवणवर्गात बसलेल्या स्त्रियांपैकी किती जणींनी पुढे स्वतःचे यंत्र घेतले, कोणी गिऱ्हाईक जोडले आणि कोणी पुन्हा दिराच्या घरी दळावयास परतल्या, हे त्या मालिकेत येणे शक्य नव्हते. ‘आठवणी’तही ते नाही. रमाबाईंनी दुसरा ग्रंथ लिहिला असता तर त्याच्या शीर्षकात ‘आमच्या’ हा शब्द कोणासाठी आला असता, हे त्या स्त्रियांकडे पाहून सहज सांगता येते.