चरबीत साठणारं विष आणि रेचल कार्सन

हिवतापाच्या डासांसाठी घरोघरी भिंतींवर डीडीटी मारायला माणसं यायची, हे कोकणातल्या जुन्या पिढीला आठवत असेल. १९५३ पासून देशभर चाललेल्या त्या मोहिमेनं असंख्य जीव वाचवले. पण फवारलेलं औषध शेवटी जातं कुठं? हा प्रश्न सामान्य वाचकांपुढे आणला तो रेचल कार्सन यांनी.

त्यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतल्या स्प्रिंगडेल या गावी, समुद्रापासून दूर झाला. समुद्र त्यांनी प्रथम पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी. १९३२ मध्ये प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. वडील वारल्यावर घराचा भार अंगावर आला आणि त्या सरकारी मत्स्य खात्यात नोकरीला लागल्या. समुद्रावरच्या पुस्तकांनी त्यांचं नाव झालं.

लहान मासा मोठ्याच्या पोटात जातो, हे मालवणच्या किनाऱ्यावर पोरंही जाणतात. विषही त्याच वाटेनं चढतं, हे कार्सन यांनी दाखवून दिलं. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक तलावात चिलटं मारण्यासाठी डीडीटीच्याच जातीचं डीडीडी टाकलं होतं. पाण्यात त्याचं प्रमाण दहा लाख भागांत जेमतेम ०.०२ भाग. तिथले मासे खाणाऱ्या पाणडुबी पक्ष्यांच्या चरबीत मात्र ते १६०० भाग निघालं. ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. त्यामुळे ती शरीराबाहेर न पडता साठत राहतात.

माणसाच्या चरबीचे नमुने तपासले, तेव्हाही तेच दिसलं. कीटकनाशकांशी थेट संबंध नसलेल्यांच्या चरबीत दहा लाखांत सरासरी ५.३ ते ७.४ भाग डीडीटी होतं, शेतमजुरांत १७.१, तर कारखान्यातल्या कामगारांत ६४८ पर्यंत. हे आकडे कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात मांडले.

पुस्तक लिहिताना त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार सोसत त्या लिहीत राहिल्या. दुखण्यापोटी लिहिलं असा आरोप विरोधकांनी करू नये, म्हणून आजार लपवला. कंपन्यांनी टीकेची झोड उठवली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीनं मात्र मे १९६३ मध्ये त्यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्या गेल्या.

सगळी कीटकनाशकं बंद करा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. काय फवारतो आणि ते कुणाच्या अंगात जातं, हे जाणून घ्या, एवढाच आग्रह होता. अमेरिकेनं १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. भारतात १९८९ मध्ये शेतीतला वापर थांबला.

देवगड-मालवणच्या आंबा बागांत मोहोर आला की आजही पंप खांद्यावर चढतो. तेव्हा मास्क आणि हातमोजे घालणं, वाऱ्याची दिशा पाहणं, डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय फळ न उतरवणं ही पथ्यं पाळायलाच हवीत. पहिला धोका फवारणाऱ्याच्याच अंगाला असतो.