डॉक्टर वसंत रामजी खानोलकर

विद्यार्थिमित्रहो, कर्जत-खालापूरकडील आपल्या गावांत पाहुणा आला म्हणजे पाण्याच्या तांब्यामागोमाग तंबाखूची चंची पुढे येते. कित्येक घरांत मशेरीची डबीही असते. अशा साध्या सवयींत एका थोर वैद्याला काय दिसले, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी १९२३ साली संपादून ते स्वदेशी परतले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन करू लागले. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांजकडे आली.

कर्करोगाची गाठ सूक्ष्मदर्शकातून पाहण्यावर समाधान न मानता त्यांनी लोकांच्या चालीरीतींचाही शोध घेतला. कमरेस करकचून नेसलेले धोतर, पेटते टोक तोंडात धरून ओढलेला चुट्टा, आणि ओठाआड धरलेला तंबाखू-चुना यांपासून उद्भवणारे कर्करोगाचे तीन प्रकार त्यांनी १९४५ साली जगापुढे मांडले. वर्षानुवर्षे एकाच जागी होणारा त्रास अखेर शरीरास कसा भोवतो, हे त्यांवरून उघड झाले. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांनी उभारले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात दाहाची दुसरी बाजू शास्त्रज्ञांस अधिक स्पष्ट दिसू लागली. काही पेशी मरताना निमूटपणे नाहीशा होत नाहीत. त्यांच्या आवरणास छिद्रे पडतात, त्या फुगून फुटतात, आणि आतील द्रव्ये बाहेर पडून शरीराच्या रक्षक पेशींस हाक घालतात. या मरणास २००१ साली पायरोप्टोसिस असे नाव मिळाले. कर्कपेशींस असे मरण आणता आल्यास शरीर स्वतःच त्यांवर तुटून पडेल, या आशेने आज संशोधन चालू आहे. मात्र हा अग्नी निरोगी भागासही पोळू शकतो. म्हणून तो बेताने वापरावा लागेल. धुमसत राहिलेला दाह रोग वाढवितो, तर नेमका पेटविलेला दाह कदाचित रोग हटवील.

खानोलकरांनी लाविलेले रोपटे आज आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेच्या रूपाने वाढत आहे. नवे उपचार तेथून वा अन्यत्र कोठून येतील तेव्हा येवोत. पण घरातील चंची आणि डबी दूर सारणे आजच आपल्या हाती आहे. पालकहो, मुले पाहत असतात, एवढे ध्यानी असावे.