कर्नल विल्यम वॉलेस

कर्नल विल्यम वॉलेस (मृत्यू : ११ मे १८०९, शिरूर) हे ब्रिटिश लष्करातील अधिकारी आणि पुणे तैनाती फौजेचे सेनापती होते. पुणे जिल्ह्यातील शिरूर (घोडनदी) येथे त्यांची कबर आहे. परिसरातील लोक त्यांना सत्पुरुष मानून या कबरीची पूजा करीत, यामुळे त्यांचे नाव स्थानिक इतिहासात विशेष लक्षात राहिले.

पार्श्वभूमी

३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पुढे या फौजेची छावणी पुणे-अहमदनगर मार्गावर, घोड नदीच्या काठी शिरूर येथे होती.

लष्करी कारकीर्द

वॉलेस हे ७४व्या पायदळ पलटणीचे अधिकारी होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत त्यांनी आर्थर वेलस्ली यांच्या हाताखाली पायदळाच्या एका ब्रिगेडचे नेतृत्व केले. या लढाईत शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव झाला. मात्र वॉलेस यांच्या पलटणीचीही मोठी हानी झाली. १८०४ मध्ये होळकरांविरुद्धच्या मोहिमेत त्यांनी नाशिक भागातील चांदवडचा किल्ला घेतला. त्यानंतर पुणे तैनाती फौजेचे नेतृत्व करीत असतानाच वयाच्या ४७व्या वर्षी शिरूर येथे त्यांचे निधन झाले.

कबर आणि लोकश्रद्धा

कबरीवरील इंग्रजी लेखात शौर्य, कर्तव्यनिष्ठा आणि सचोटी या गुणांचा गौरव आहे. दैवी सामर्थ्याचा उल्लेख नाही. लोकांनी मात्र या कबरीला समाधीचे स्थान दिले. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमधील नोंदीनुसार ब्राह्मण व मारवाडी वाणी वगळता सर्व जातींचे हिंदू तेथे पूजा करीत. सुगीच्या दिवसांत गावकरी नव्या धान्याचा पहिला वाटा नैवेद्य म्हणून आणीत. हे स्थान नवसाला पावते, अशीही श्रद्धा होती.

महत्त्व

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढलेली कंपनी सरकारची तुकडी आदल्या रात्री शिरूरच्याच छावणीतून निघाली होती. त्याच वर्षी पेशवाई संपुष्टात आली. पेशवाईच्या अस्ताला हातभार लावणाऱ्या या छावणीच्या एका सेनापतीला येथील शेतकऱ्यांनी आपल्या दैवतांत जागा दिली. राजकीय इतिहासातील शत्रुत्व आणि गावाची श्रद्धा यांच्या वाटा किती वेगळ्या असू शकतात, याचे हे एक उदाहरण आहे.