लाखाचा स्पीकर पारखायचा कसा? केसरबाईंची साडेतीन मिनिटे पुरेशी आहेत

समजा, तुम्ही धाराशिवहून पुण्याला चांगला होम ऑडिओ सेट घ्यायला गेलात. दुकानात बहुतेक वेळा दणदणीत बास असलेले एखादे नवे गाणे लावले जाते. छाती हादरते, आपण भारावतो आणि मोठी रक्कम मोजून घरी येतो. महिनाभराने लक्षात येते, की ढोल उत्तम वाजतोय, पण गाणाऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय.

ही फसगत टाळायची असेल, तर दुकानात एक जुनी, खरखर असलेली रेकॉर्ड ऐकायला मागा. ती आहे केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. हीच भैरवी 1977 पासून अंतराळात प्रवास करते आहे. पण आधी त्या बाई कोण, ते समजून घेऊ.

कोण होत्या केसरबाई?

13 जुलै 1892 रोजी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील केरी गावात त्यांचा जन्म झाला. कलावंत समाजातले घर, गाणे घरातलेच. पण चांगला गुरू मिळणे आणि तो टिकणे, ही त्यांची पहिली लढाई ठरली. आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे जेमतेम आठ महिने शिक्षण झाले. मग गोव्यात परत येऊन रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे. सोळाव्या वर्षी त्या मुंबईला आल्या. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांची तालीम मिळाली, पण तीही तुटक-तुटक.

1921 मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिष्या केले, तेव्हा केसरबाई एकोणतीस वर्षांच्या होत्या. या वयात त्यांनी गाणे पुन्हा मुळापासून सुरू केले. पुढची अनेक वर्षे कठोर रियाज आणि 1946 मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत शिक्षण चालूच. मोकळा आकार, लांब दमसास, लयीत गुंफलेल्या पेचदार ताना ही त्यांच्या गाण्याची ओळख बनली.

1948 मध्ये कोलकात्यात त्यांना ‘सुरश्री’ किताब मिळाला, 1953 मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, 1969 मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांना राज्य गायिका म्हणून गौरवले. गाण्याच्या बाबतीत त्या तडजोड करत नसत. शिष्य करून घेण्यातही हात आखडता. धोंडुताई कुलकर्णी यांच्यासारखा अपवाद विरळाच.

मग रेकॉर्डमध्ये अडचण काय होती?

अडचण वेळेची होती. त्या काळच्या 78 गतीच्या लाखेच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-चार मिनिटांत संपायची. मैफिलीत एक राग तासभर उलगडणाऱ्या गायिकेला तो तेवढ्यात आटपावा लागे. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी ध्वनिमुद्रण केले, पण त्यांच्या उंचीच्या मानाने मागे राहिले ते थोडेच. मैफिली संपल्या, ऐकणारे गेले. आज आपल्या हाती आहेत त्या या तबकड्याच. म्हणून त्या वाजवणारे यंत्र प्रामाणिक असणे महत्त्वाचे.

अंतराळात कशी गेली?

1977 मध्ये नासाच्या दोन व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख सांगणारी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवायची होती. कार्ल सेगन यांच्या गटाने जगभरातले 27 संगीत तुकडे निवडले. संगीत अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची भैरवी सुचवली. पण रेकॉर्ड बाजारातून गायब होती. अखेर अॅन ड्रूयान यांना ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली.

तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिजही पाठवले आहे आणि ती कशी वाजवायची हे झाकणावर चित्रांनी कोरले आहे. जास्त संगीत मावावे म्हणून तिचा वेग मिनिटाला 16⅔ फेऱ्या ठेवला. त्यासाठी ध्वनीचा दर्जा थोडा सोडावा लागला. म्हणजे वेळ की दर्जा, हा केसरबाईंचा जुना पेच नासालाही सुटला नाही.

व्हॉयेजर-1 झेपावले 5 सप्टेंबर 1977 रोजी. अकराच दिवसांनी, 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

या रेकॉर्डने स्पीकरची परीक्षा कशी होते?

इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला हा भाग सर्वांत आवडतो. जुन्या तबकडीत बास फारसा नसतो आणि वरचे स्वर साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झपर्यंतच असतात. म्हणजे दणका आणि चकाकी दोन्ही वजा. उरतो फक्त माणसाचा आवाज. आता हे तपासा:

1. आवाज कुठून येतो? ही रेकॉर्ड मोनो आहे. दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसा. आवाज दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतून यायला हवा. तो पसरट वाटला किंवा एका बाजूला सरकला, तर स्पीकरची जोडी जुळलेली नाही, मांडणी चुकली आहे किंवा एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या आहेत.

2. आकार तुटतो का? दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटर यांची जबाबदारी साधारण दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास बदलते. आवाजाचा पोत नेमका तिथेच असतो. सांधा कच्चा असेल, तर तान वर जाताना गायिका बदलल्यासारखी वाटते.

3. खरखर वेगळी राहते का? चांगल्या सेटवर खरखर लपत नाही, पण ती गाण्यापासून वेगळी ऐकू येते. वरचे स्वर मुद्दाम वाढवलेल्या सेटवर ती गाण्यावर चढते.

4. पेटी बोलते का? तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने मडकी पारखली, तशी स्पीकरच्या पेटीवर बोटाने टकटक करा. घुमणारी पोकळ पेटी गाण्यात स्वतःचा सूर मिसळते. भरीव, बसका आवाज आला तर बरे.

5. आवाज सारखा ठेवला का? दोन सेटची तुलना करताना जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. म्हणून दोन्हींची पातळी सारखी ठेवा, फाईलही एकच वापरा. सोबतच्या मित्राला न सांगता सेट बदलायला लावा. किंमत दिसत नसली, की कान खरे बोलतात.

घरी आणल्यावर?

शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या आवाज परत फेकतात. जाड पडदा, सतरंजी आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. आधी हे करून बघा, मगच महागडी वायर घ्यायची की नाही ते ठरवा.

थोडक्यात

कितीही महाग स्पीकर तबकडीत नसलेले परत आणू शकत नाही. केसरबाईंची तासाभराची मैफल कायमची गेली. उरलेल्या साडेतीन मिनिटांत स्वतःचे काही न मिसळणारा सेट तो चांगला सेट. पुढच्या वेळी दुकानदाराने ढोल लावला, की त्याला ही भैरवी लावायला सांगा.