कलामहर्षी बाबूराव पेंटर : हातांनी घडविलेला कॅमेरा

ज्ञान पोथीत असते आणि हात केवळ सांगितलेले काम करतात, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. पटाशी आणि कानस धरणाऱ्या घरांतील मुले चार इयत्ता शिकली की प्रथम हत्यारापासून दूर होतात, आणि वडीलधाऱ्यांसही त्यात धन्यता वाटते. ह्या समजुतीस खोटे पाडणारे एक चरित्र कोल्हापुरात घडून गेले. ते चरित्र म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे. सभासद कुटुंबांपुढे ते थोडक्यात सादर करताना आम्हांस विशेष समाधान वाटते.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घराण्याचे आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. त्यांच्या हाताखालीच मुलाची पहिली शाळा भरली. कलाशाळेचे रीतसर शिक्षण बाबूरावांस लाभले नाही. चित्रकला आणि मूर्तिकला त्यांनी पाहून, करून आणि पुन्हा करून आत्मसात केली. नात्याने बंधू असलेले आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचा व्यवसाय पत्करला. ललितकलादर्श मंडळीच्या केशवराव भोसले यांच्यासाठी त्यांनी केलेले काम इतके गाजले की पेंटर हेच दोघांचे आडनाव होऊन बसले.

पडदा रंगविणे हे काम वरवर दिसते तितके सोपे नव्हे. सपाट कापडावर राजवाड्याची खोली दाखवावयाची, दिव्याच्या उजेडात रंग कसा पालटेल याचा अदमास आधीच घ्यावयाचा आणि शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाच्या डोळ्यांनी स्वतःचे काम पाहावयाचे, असा हा अभ्यास असतो. उजेड आणि अंतर यांचे हे ज्ञान बाबूरावांस पुढे फार उपयोगी पडले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशित झाला आणि ह्या दोघा बंधूंस नव्या विद्येचा ध्यास लागला. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र विकत आणले. त्यावर खेळ दाखवीत असतानाच त्यांनी त्याच्या रचनेचा अभ्यास आरंभिला. कारागिराची दृष्टी येथेच दिसून येते. चित्र दाखविणारे यंत्र आणि चित्र घेणारे यंत्र ही एकाच विद्येची दोन तोंडे आहेत. एक उजेड बाहेर टाकते, दुसरे आत घेते. तेव्हा हे उलगडले तर तेही घडविता येईल, अशी उमेद त्यांनी धरली.

ह्या कामातील अडचण वाचकांस कळावी म्हणून थोडे विवेचन करितो. साधा फोटो घेण्यास अंधारी पेटी आणि भिंग पुरते. चालत्या चित्रास तेवढे पुरत नाही. फिल्मच्या दोन्ही कडांस छिद्रे असतात व एकेका चित्रामागे प्रत्येक कडेस चार छिद्रे येतात. यंत्रातील आकड्याने त्या छिद्रांत शिरून फिल्म नेमकी एका चित्राइतकी खाली ओढावी, मग ती क्षणभर निश्चल राहावी, आणि ती हलत असताना भिंगामागील झडप मिटलेली असावी. मूकपटाच्या काळी हे सर्व हाताने हँडल फिरवून सेकंदास सुमारे सोळा वेळा घडवून आणावे लागे. दात्यांच्या चाकात केसभर फरक पडला तरी पडद्यावरील चित्र थरथरते, आणि पेटीच्या सांध्यातून उजेडाची एक रेघ शिरली तरी फिल्म वाया जाते. सांधा घट्ट बसविणे आणि चाकाला नेमके माप देणे ही कामे कारखान्याच्या नकाशाइतकीच हाताच्या सवयीवर अवलंबून असतात.

कॅमेऱ्याची जुळणी चालू असतानाच, १९१६ साली, आनंदरावांचा ऐन उमेदीत अंत झाला. अर्धे यंत्र आणि पूर्ण दुःख मागे राहिले. दुसरा कोणी असता तर पुन्हा पडद्यांकडे वळला असता. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांस हाताशी घेऊन काम पुढे नेले, आणि १९१८ साली तो कॅमेरा चालू झाला. त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी तीस द्रव्यसाहाय्य दिले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. ‘सैरंध्री’ हे कंपनीचे चित्र १९२० साली पुण्यात झळकले. ते पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी दिली.

पुढे १९२३ च्या ‘सिंहगड’ मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ मध्ये कर्जाखाली भरडल्या जाणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख त्यांनी पडद्यावर आणले. चित्रीकरणापूर्वी प्रसंगांची रेखाटने ते स्वतः करीत. जाहिरातीची भित्तिपत्रकेही स्वतःच रंगवीत.

परंतु आमच्या मते बाबूरावांचे सर्वांत मोठे कार्य त्यांच्या शिष्यांत आहे. दामले, फत्तेलाल, शांताराम ही माणसे निरनिराळ्या जातिधर्मांतून आलेली. गुरूने कुणाचे कुळ पाहिले नाही, हात पाहिला. १९२९ साली ही मंडळी कंपनीतून बाहेर पडली आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. तो घाव मोठा होता. पाठोपाठ १९३१ साली बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीची अखेर झाली. बाबूरावांनी त्यानंतर मोजकीच चित्रे केली. उरलेले आयुष्य रंग आणि मूर्ती यांच्या सहवासात काढून १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच देह ठेविला.

त्यांच्या मूकपटांपैकी आज फारच थोडे शेष आहे. फिल्म नाशवंत असते. हातातली विद्याही नाशवंतच, मात्र ती शिकविली गेली तर टिकते. प्रभातच्या चित्रांत बाबूरावांचा हात टिकून राहिला, तो असा.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण तो कसा चालतो हे उघडून पाहण्याची जिज्ञासा विरळ झाली आहे. आपल्या मुलांनी उच्च शिक्षण अवश्य घ्यावे. तथापि घरातील आजोबांचे हात अजून चालत आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून एखादा सांधा कसा बसवितात, रंग कसा घोटतात, हेही शिकून घ्यावे, आणि शेजारच्या मुलाने विचारले तर त्यासही शिकवावे. बाबूरावांच्या स्मृतीस आपल्या कुटुंबांनी वाहावयाची श्रद्धांजली हीच, असे आम्हांस मनापासून वाटते.