मैदानावरचा रसायनशास्त्रज्ञ

३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस राज्यातील बझार या खेड्यानजीकच्या कुरणात एक प्रवासी विमान कोसळले आणि त्यातील आठही जण मृत्युमुखी पडले. मृतांत नूट रॉकनी असल्याचे कळताच अमेरिका हादरली. ते ना मंत्री होते, ना सेनानी. नोटर डेम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे ते प्रशिक्षक होते.

रॉकनी यांचा जन्म १८८८ मध्ये नॉर्वेतील व्हॉस येथे झाला. घोडागाड्या बांधणारे वडील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने शिकागोला आले आणि कुटुंब तेथेच स्थिरावले. टपाल कचेरीत नोकरी करून साठवलेल्या पैशांवर नूट वयाच्या बाविसाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाले. विषय रसायनशास्त्र.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याहून हा खेळ निराळा. चेंडू हातात धरून प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत मुसंडी मारणे हा त्याचा त्या काळचा स्थायीभाव. चेंडू पुढे फेकण्यास १९०६ मध्येच मुभा मिळाली होती; मात्र तिचा वापर बेताचाच होई. १९१३ मध्ये गस डोराइस यांनी फेकलेले आणि रॉकनी व सहकाऱ्यांनी झेललेले चेंडू बलाढ्य आर्मी संघाला ३५-१३ असे लोळवून गेले. या फेकीचे जनकत्व रॉकनींना बहाल करणाऱ्या कथा मात्र खऱ्या नव्हेत.

१९१८ पासून तेरा हंगामांत त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, अवघे १२ गमावले आणि पाच बरोबरीत सोडवले. १९२९ चा हंगाम तर विलक्षण. विद्यापीठाचे नवे मैदान बांधून व्हायचे असल्याने सारे सामने बाहेर खेळावे लागले. त्यातच पायाच्या शिरांच्या विकाराने प्रशिक्षक जर्जर. काही वेळा चाकांच्या खुर्चीतून त्यांनी संघ हाताळला, तरी एकही सामना हातचा गेला नाही. १९३० मध्ये नवे मैदान खुले झाले. रॉकनींच्या वाट्याला तेथला एकच हंगाम आला आणि तोही अपराजित.

चित्रपटाच्या कामासाठी लॉस एंजेलिसला निघाले असताना काळाने त्यांना गाठले. फॉकर विमानाचा लाकडी पंख हवेतच तुटला होता. मृत्यू रॉकनींचा नसता, तर चौकशीचा एवढा गाजावाजा झाला असता काय, ही शंकाच आहे. जनमताच्या रेट्यामुळे अपघाताच्या तपासाची माहिती दडवून ठेवणे सरकारला अवघड झाले. लाकडी पंखांवरील प्रवाशांचा विश्वास उडाला आणि विमान कंपन्या संपूर्ण धातूच्या विमानांकडे वळल्या.